आलू, जर्दाळू आणि कलम : भंडाऱ्याच्या सांदवाडीतून एक शब्देतिहास

भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत घराच्या मागील किंवा बाजूच्या कुंपणबंद जागेस सांदवाडी म्हणतात. नगरवासी मराठीतील ‘परसबाग’ या शब्दाने तिचा अर्थ कळतो, परंतु तिचे स्वरूप कळत नाही. सांदवाडीत फुलझाडांची रांग नसते. तेथे वांगी-मिरचीचे चार वाफे, मांडवावर चढलेला वाल, एखादी लिंबोणी, जांब, सीताफळ, कुंपणाशी आपोआप उगवलेली बोर आणि भाग्य असेल तर एक आंब्याचे झाड असते. या झाडांपैकी कोणते कोठून आले याचा लेखी पुरावा क्वचितच सापडतो. त्यांची नावे मात्र शिल्लक आहेत, आणि ज्या वस्तूचा कागद नाही तिच्या इतिहासाला नाव हेच पहिले साधन होय.

या सांदवाडीत जे झाड नाही आणि होऊही शकत नाही, त्याच्या निमित्ताने प्रस्तुत विचार सुचतो. ते झाड म्हणजे आलुबुखार व जर्दाळू यांच्या संकरातून झालेले. अमेरिकेत त्याला प्रथम ‘प्लमकॉट’ व पुढे ‘प्लुऑट’ अशी नावे पडली, आणि तेथील घरगुती बागांत ते हौसेने लावले जाते. त्याचा आणि धानाच्या, तलावांच्या या जिल्ह्याचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तथापि त्याच्या दोन्ही जनकांची नावे मराठीत शतकानुशतके रुळलेली आहेत, आणि ते झाड ज्या दोन क्रियांवर उभे आहे त्या कलम व संकर या क्रिया भंडाऱ्याच्या आंब्यात आणि बोरीतही घडत असतात. या दोन क्रियांची गल्लत सामान्य बोलण्यात नित्य होते. ती गल्लत कोठून आली हे पाहण्यासाठी या परक्या झाडाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

हे झाड येथे का होत नाही, हे आधी सांगितलेले बरे. आलुबुखार आणि जर्दाळू ही दोन्ही थंड प्रदेशातील पानगळीची झाडे. हिवाळ्यात त्यांच्या कळ्या निद्रित होतात, आणि त्या जाग्या होण्यासाठी ठराविक काळ थंडी मिळावी लागते. सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खालील तासांची बेरीज करून ही गरज मोजण्याचा प्रघात आहे. संकराच्या बहुतेक जातींना असे चारपाचशे तास लागतात. भंडाऱ्यात डिसेंबर-जानेवारीतील सरासरी किमान तापमानच १२-१३ अंशांच्या आसपास असते, पहाटेचे काही तास एखाद्या कडक आठवड्यात त्याखाली जातात इतकेच. झाड जगेल, पाने फुटतील, पण कळ्या अर्धवट उमलतील आणि फळ धरणार नाही. शिवाय या जातींपैकी पुष्कळांना स्वतःचा पराग चालत नाही. जवळ फुलणारे दुसरे, बहुधा जपानी आलूचे झाड लागते. मातीचाही प्रश्न आहे. भंडाऱ्याचा शेतकरी आपल्या जमिनी कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशा नावांनी ओळखतो. यांतील कन्हार पावसाळ्यात पाणी धरून बसते. धानाला ते मानवते, आलूच्या मुळांना ते मारक ठरते. सारांश, भंडाऱ्यात हे फळ आले ते शब्दरूपाने व सुकलेल्या स्थितीत. झाड म्हणून आले नाही.

शब्द मात्र झाडापेक्षा सहज प्रवास करतात, आणि प्रवासात पुष्कळदा आपले झाड बदलतात. जांब या शब्दाचेच पाहावे. पश्चिम महाराष्ट्र ज्या फळाला पेरू म्हणतो त्याला विदर्भात जांब म्हणतात. हे फळ मूळ अमेरिकेचे, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आलेले. ‘पेरू’ हा शब्द पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती यापासून आलेला मानला जातो. नव्या फळाला जुन्या परिचित फळाचे नाव, हा त्याचा मार्ग. विदर्भाने पोर्तुगीज शब्द न घेता जम्बू या संस्कृत शब्दाचे देशी रूप त्या फळाला दिले. पूर्वेकडे छत्तीसगढात त्याच फळाला ‘बिही’ म्हणतात, आणि फारसीत बिही म्हणजे तिसरेच एक थंड प्रदेशातील फळ. एका अमेरिकन फळाला तीन शेजारी प्रदेशांनी तीन निराळ्या फळांची नावे द्यावीत, हा नामांतराचा नमुना ठरेल. वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर यांत विदर्भाची निवड सर्वांत अचूक ठरते, कारण पेरू व जांभूळ ही दोन्ही एकाच कुळातील आहेत. नाव देणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पान, साल आणि बी पाहणाऱ्या डोळ्यांनी ते ओळखले, असे म्हणण्यास जागा आहे.

इंग्रज लेखकांनी याच्या उलट केले. त्यांना घरून ठाऊक असलेले फळ प्लम. मग बोर हे त्यांच्या लिखाणात ‘भारतीय प्लम’ झाले, जांभूळ ‘जावा प्लम’ झाले, अंबाडा ‘डुकरांचे प्लम’ झाला. या तिघांचे एकमेकांशी वा खऱ्या आलूशी काहीही कुलसंबंध नाहीत. या निष्काळजीपणाचा त्रास आजच्या संशोधकाला होतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अहवाल वाचताना ‘गावाबाहेर प्लमची झाडे’ असा उल्लेख आला आणि त्याचे भाषांतर ‘आलुबुखाराची झाडे’ असे केले, तर वैनगंगेच्या खोऱ्यात हिमालयीन फळबाग उभी राहते. तेथे बोरी होत्या. बोर हे गरिबाचे फळ, दुष्काळातील आधार आणि लाखेच्या किड्याचे आश्रयस्थान होते. भाषांतराच्या एका शब्दाने हा सारा आर्थिक संदर्भ पुसला जातो.

आता मूळ जोडीकडे वळू. फारसीत ‘आलू’ म्हणजे प्लम हे फळ. ‘आलू-इ-बुखारा’ म्हणजे बुखाऱ्याचे आलू, तेच मराठीत आलुबुखार. ‘आलूचा’ म्हणजे लहान आलू. ‘जर्द’ म्हणजे पिवळा, आणि म्हणून ‘जर्दआलू’ म्हणजे पिवळे आलू. मराठी माणसाला ‘पिवळाजर्द’ हा शब्द ठाऊक असतो, तंबाखूचा जर्दाही ठाऊक असतो; परंतु जर्दाळूत तोच जर्द आहे हे सहसा जाणवत नाही. आलू या शब्दाबाबत तर तिहेरी घोटाळा आहे. हिंदीतील बटाटावाचक आलू आणि मराठीतील अळू हे दोन्ही संस्कृत ‘आलु’, ‘आलुक’ या कंदवाचक शब्दाच्या परंपरेतील आहेत. फारसी आलूशी त्यांचे नाते नाही. बटाटा अमेरिकेतून आल्यावर उत्तरेने त्याला जुन्या कंदाचे नाव दिले, आणि महाराष्ट्राने पोर्तुगीज ‘बटाटा’ स्वीकारला, म्हणून मराठीत ‘अळू’ आपल्या पानांसह आपल्या जागी राहिले. भंडारा हा हिंदीच्या सीमेवरील जिल्हा. येथे बाजारात ‘आलू’ म्हटले की बटाटा, घरात ‘अळू’ म्हटले की वडीची पाने आणि किराण्याच्या बरणीत ‘आलुबुखार’ म्हटले की सुकलेले आंबट फळ. एका ध्वनिरूपात तीन इतिहास शेजारी बसले आहेत.

जर्दाळूतील ‘ळ’ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. फारसी-अरबी शब्दांतील ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ल’च राहतो. कलम, गुलाल, दलाल, महाल ही त्याची उदाहरणे. आलुबुखारातही तो राहिला. मग जर्दाळूतच तो ‘ळ’ का व्हावा? मराठीत ‘आळू’ हा जिवंत प्रत्यय आहे. मायाळू, झोपाळू, लाजाळू यांत तो आढळतो, आणि यांपैकी लाजाळू हे तर झाडाचेच नाव आहे. ‘जर्दआलू’ या समासाचा उत्तरपद म्हणून बोध नष्ट झाला आणि त्याचा शेवट या प्रत्ययासारखा ऐकू येऊ लागला, तेव्हा ‘ल’चा ‘ळ’ झाला असावा. आलुबुखारात आलू हे पद आरंभी होते, तेथे प्रत्ययाचा भास होण्याचा संभव नव्हता, म्हणून ते अबाधित राहिले. या तर्काला आणखी एक आधार म्हणजे दोन फळांचे निराळे व्यवहार. आलुबुखार हकीम-वैद्यांच्या नुसख्यात वावरले, म्हणजे लेखी परंपरेत राहिले. जर्दाळू मुलांच्या हातात व सणासमारंभाच्या ताटात गेले. लोकांच्या तोंडी वारंवार येणारा शब्द झिजतो आणि ओळखीच्या साच्यात बसतो. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांच्या परिश्रमांमुळे भंडाऱ्याच्या बोलीचे स्वतंत्र ध्वनिविशेष आता अभ्यासकांसमोर आले आहेत. या बोलीत ‘ळ’ या वर्णाला स्थान नाही. तेव्हा येथील माणूस ‘जर्दाळू’ हा उच्चार करतो तो शाळेतून व पेठेतून शिकलेला असतो. फारसीकडून पुणेरी वळणाने फिरून आलेला हा शब्द झाडीपट्टीत दुसऱ्यांदा परका ठरतो.

जर्दाळू म्हणजे पिवळे आलू, याचा अर्थ फारसी भाषेने जर्दाळूला आलूचाच एक प्रकार मानले. या बाबतीत ती एकटी नाही. रोमन लोक जर्दाळूला आर्मेनियाचे फळ म्हणत, आणि लिनियसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले त्याचा शब्दशः अर्थ ‘आर्मेनियाचे आलू’ असाच होतो. लॅटिनमध्ये लवकर पिकणारे या अर्थाचा एक शब्द होता. तो ग्रीकमार्गे अरबीत ‘बर्कूक’ झाला, अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला आणि शेवटी इंग्रजीत ‘ॲप्रिकॉट’ म्हणून उतरला. मौज अशी की ज्या अरबीने हा जर्दाळूचा शब्द युरोपला परत दिला, त्याच अरबीत बर्कूक या शब्दाचा अर्थ पुढे आलू असा झाला. जपानी ‘उमे’ या फळाचे इंग्रजी भाषांतर सदैव प्लम असे करतात, वस्तुतः ते जर्दाळूच्या अधिक जवळचे आहे. म्हणजे या दोन फळांची अदलाबदल फारसीत, लॅटिनमध्ये, अरबीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या काळी झाली. झाडांचा संकर माणसाने करण्याच्या कितीतरी आधी नावांचा संकर झालेला होता.

ही नावे भंडाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली असतील? हा प्रदेश देवगडच्या गोंड राजांच्या व नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. देवगडचा बख्तबुलंद औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध असलेला राजा होता, आणि भोसल्यांचा मोडी कारभार फारसी शब्दांनी भरलेला होता. काबूल-कंदाहाराकडील मेवा उत्तरेच्या पेठांतून दक्षिणेकडे उतरे. ‘ऐन-ए-अकबरी’तील फळांच्या सूचीत जर्दाळू व आलुबुखार दोन्ही नोंदलेले आहेत. माधव जूलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मराठीतील फारसी शब्दांची मोजदाद पद्धतशीर झाली. पण अशा कोशांचा वापर प्रायः दरबारी शब्दांसाठी केला जातो. खाण्यापिण्याच्या शब्दांनी केलेला प्रवास त्याहून लांबचा आणि अधिक टिकाऊ आहे. दिवाण गेले, फडणीस गेले, जर्दाळू राहिला.

जर्दाळू आणि आलू यांचा खरा, म्हणजे झाडांचा, संकरही निसर्गात पूर्वीच झालेला होता. मध्य आशिया, अफगाणिस्तान व काश्मीर या पट्ट्यात काळ्या जर्दाळूचे झाड आढळते. ते जर्दाळू व लहान आलू यांच्या नैसर्गिक संकरातून झालेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय शास्त्रज्ञांनी त्याचे स्वतंत्र नामकरण केले. याच प्रदेशातील बागांविषयी जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत एक महत्त्वाची नोंद केली आहे. काश्मीर अकबराने जिंकण्यापूर्वी तेथे शाह-आलू, म्हणजे चेरी, नव्हती. मुहंमद कुली अफशार याने ती काबूलहून आणून लावली. पैवंदी, म्हणजे कलमी, जर्दाळूची झाडेही तेथे मोजकीच होती. त्याने कलमाची क्रिया त्या देशात रूढ केली आणि मग ती पुष्कळ झाली. काश्मीर मोगलांकडे आले ते १५८६ मध्ये. एका माळ्याच्या वा बागेच्या अधिकाऱ्याच्या नावाने कलमविद्येच्या प्रसाराची नोंद बादशहाने करावी, असे आपल्या इतिहाससाधनांत फारसे आढळत नाही. ‘शाह-आलू’ या शब्दातही पुन्हा आलू आहेच.

येथे कलम या शब्दाकडे यावे लागते. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तो अरबीत ‘कलम’ झाला, लेखणी या अर्थाने. फारसीत लेखणीसारखी तिरपी तासलेली फांदीही कलम ठरली, आणि मराठीने हा शब्द लेखणी, कायद्याचे कलम, चित्रशैली व झाडाचे कलम अशा सर्व अर्थांनी घेतला. बोरू तासण्याची आणि कलमकाडी तासण्याची कृती पाहिली की हा अर्थविस्तार किती स्वाभाविक आहे ते पटते. संस्कृतातही ‘कलम’ आहे, पण तो साळीचा एक प्रकार. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात, रघूने उखडून पुन्हा स्थापिलेल्या वंगराजांना उपटून पुन्हा लावलेल्या कलम भाताची उपमा दिली आहे. भंडाऱ्याच्या वाचकाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आषाढात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगा त्याने पाहिलेल्या असतात. दोन्ही ‘कलमां’त उचलून दुसरीकडे लावणे ही कल्पना समान दिसते, म्हणून त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही, हे अळू आणि आलू यांनी आताच शिकविले आहे.

शब्द परका असला तरी क्रिया परकी नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादींची लागवड फांदीपासून करावी, ती शेणाने लिंपावी, तसेच दुसऱ्या झाडाचे मूळ तोडून त्यावर किंवा त्याच्या खोडावर रोपण करावे, असे त्यात सांगितले आहे. मग मराठीने परका शब्द का स्वीकारला? बहुधा या कारणाने की ग्रंथातील क्रिया आणि बागेतील धंदा यांत अंतर पडले होते, आणि धंदा करणाऱ्यांचा शब्द टिकला. परंतु कलम हा एक शब्द सोडला तर या विद्येची सारी परिभाषा घरगुती मराठी आहे. ज्यावर बांधायचे तो खुंट, जी बांधायची ती कलमकाडी. दोन जिवंत झाडे एकमेकांना टेकवून बांधली की भेटकलम. पाचरीसारखी काडी बसविली की पाचरकलम. अंकुरलेल्या कोयीच्या कोवळ्या दांड्यावर केले की कोयकलम. फांदीलाच मुळे आणविली की गुटी. आणि एकच कळी सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली सरकविली की ‘डोळा भरणे’. नागपुरी संत्र्याची बाग जंबेरीच्या खुंटावर डोळे भरूनच तयार होते, त्यामुळे ही शेवटची संज्ञा विदर्भाच्या कानाला विशेष परिचयाची आहे. सुतारकाम, शरीर आणि आप्तांची भेट यांतून घेतलेले हे शब्द कोणत्याही परिभाषा-मंडळाने घडविलेले नाहीत, आणि मंडळाने घडविलेल्या ‘मृदुकाष्ठ कलम’ या संज्ञेशेजारी ठेवले तर त्यांचे सामर्थ्य लगेच दिसते.

संकर या शब्दाची कथा निराळी आणि अधिक गंभीर आहे. कलमात दोन झाडे एकत्र नांदतात, पण मिसळत नाहीत. खुंट जंबेरीचाच राहतो, वरचे अंग संत्र्याचेच राहते. खुंटाला फूट आली तर तिला जंबेरीच लागते. संकरात परागाने दोन झाडांची बीजशक्तीच एक होते, आणि जन्मलेल्या झाडाच्या प्रत्येक पेशीत दोघेही असतात. संस्कृत साहित्यशास्त्राने हा भेद अलंकारांच्या संदर्भात नेमका मांडला होता. एकाच पद्यात दोन अलंकार तीळ आणि तांदूळ यांच्यासारखे, वेगळे ओळखता येतील अशा रीतीने एकत्र असले तर ती संसृष्टी. दूध आणि पाणी यांच्यासारखे एकरूप झाले तर तो संकर. मम्मटाच्या काव्यप्रकाशातील दहावा उल्लास वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही संज्ञा परिचित असते, रुय्यकाने या न्यायांनीच ती स्पष्ट केली आहे. या परिभाषेत बोलायचे तर कलम ही संसृष्टी होय आणि प्लुऑट हा संकर होय. बागकामाच्या मराठीला हवा असलेला भेद साहित्यशास्त्रात हजारभर वर्षांपूर्वी तयार होता.

तो उचलला गेला नाही, कारण संकर या शब्दाचा दुसरा, धर्मशास्त्रीय वंश अधिक बलवान होता. संस्कृतात संकर म्हणजे मिसळ, आणि झाडलोटीचा केरही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला वाटणारी भीती वर्णसंकराची आहे. स्मृतिग्रंथांनी या शब्दाच्या आधारे माणसांच्या जातींची उतरंड रचली आणि मिश्र विवाहाच्या संततीला हीन ठरविले. साहित्यशास्त्रात ज्याचे कौतुक होते तेच समाजशास्त्रात पाप ठरले, आणि सामान्य माणसाच्या कानात दुसराच अर्थ घुमत राहिला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण भारतात प्रसृत झाले आणि महाराष्ट्रभर पसरले. सरकारी पत्रकांनी ‘संकरित’ शब्द वापरला, गावाने ‘हायब्रीड’ हा इंग्रजी शब्दच पसंत केला. त्यात सोयीचा भाग असेल, पण जुन्या शब्दाला चिकटलेला डाग टाळण्याची सहज प्रवृत्तीही त्यात दिसते. तो डाग टळला मात्र नाही. उत्पन्न वाढले तरी भाकरीला चव नाही, अशी तक्रार होऊ लागली, आणि थोड्याच काळात ‘हायब्रीड’ म्हणजे दिखाऊ, बेचव, बेगडी असा अर्थ रूढ होऊन तो शब्द नव्या पिढीच्या मुलांनाही लावला जाऊ लागला. शब्द बदलला, जुनी अढी नव्या शब्दात उतरली. उलट ‘कलमी’ या शब्दाला कधीही कमीपणा आला नाही. कलमी आंबा म्हणजे उंची आंबा, आणि बीपासून वाढलेला तो रायवळ. दोन परक्या झाडांच्या शरीराची जोड समाजाने प्रतिष्ठेची मानली आणि बीजाच्या मिसळीला संशयाने पाहिले. या पसंतीचा वनस्पतिशास्त्राशी संबंध नाही. ती माणसांविषयीची समजूत झाडांवर लादलेली आहे.

अमेरिकेत हा संकर घडविण्याचे श्रेय प्रथम ल्यूथर बरबँक यास दिले जाते. १८४९ ते १९२६ हा त्याचा काळ, आणि कॅलिफोर्नियातील सांता रोझा ही त्याची कर्मभूमी. १८८५ मध्ये त्याने जपानहून आलूची रोपे मागविली आणि पुढील वीस वर्षांत आलू व जर्दाळू यांच्या मीलनातून प्लमकॉट निर्माण केले. ते शक्य आहे यावर प्रथम पुष्कळांचा विश्वास बसला नाही. फळ चवदार असले तरी झाडे कमी धरत, म्हणून व्यापारात त्याला यश आले नाही. भारतीय वाचकांना बरबँकचे नाव वेगळ्याच वाटेने ठाऊक आहे, कारण परमहंस योगानंद यांनी १९४६ मधील आपले आत्मचरित्र त्याच्या स्मृतीस अर्पण केले. बरबँकचे अपुरे काम कॅलिफोर्नियातीलच फ्लॉइड झायगर याने पुढे नेले. १९२६ ते २०२० असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या माणसाने कुंड्यांतील झाडे काचघरात ठेवून, फुलांतील पुंकेसर हाताने काढून, पराग लावून पिढ्यान् पिढ्या संकर केले. प्लमकॉटचा पुन्हा आलूशी संकर करून आलूकडे झुकणारे फळ मिळाले ते प्लुऑट, जर्दाळूकडे झुकणारे ते एप्रियम. दोन्ही नावे नोंदविलेली व्यापारचिन्हे आहेत. फळाबरोबर शब्दही मालकीचा व्हावा, ही शब्देतिहासातील नवी अवस्था होय. रचनेच्या दृष्टीने ‘प्लमकॉट’ हे नाव दोन तुकडे जोडल्याचे अजून दाखविते. ‘प्लुऑट’मध्ये सांधा दिसतच नाही. पहिले नाव तीळतांदूळ, दुसरे दूधपाणी.

या फळाला मराठी नाव द्यावयाचे झाले तर काय द्यावे? ‘आलूजर्दाळू’ असा समास सुचतो, परंतु त्याचा अर्थ ‘आलू-पिवळे-आलू’ असा होईल. जर्दाळूत आलू अगोदरच दडलेला आहे. फारसीने दोन फळांचा संकर नावात आधीच करून ठेवल्यामुळे खऱ्या संकराला नाव उरले नाही.

बरबँकचा हात मात्र भंडाऱ्याच्या पेठेपर्यंत पोचला आहे. हिमाचल प्रदेशात आलूच्या बागा आहेत, त्यांत ‘सांता रोझा’ ही जात प्रमुख आहे, आणि ती बरबँकने १९०६ मध्ये प्रसृत केलेली आहे. उन्हाळा संपता संपता विदर्भाच्या फळबाजारात जे लालजांभळे ‘प्लम’ येतात त्यांत तिचा भरणा असतो. विकणारा त्याला आलुबुखार म्हणत नाही. आलुबुखार सुके, प्लम ताजे, अशी विभागणी बाजारभाषेने केली आहे, आणि एका फळाची दोन नावे दोन स्वतंत्र फळांसारखी वागू लागली आहेत.

संकर आणि कलम यांचा खरा संबंध शेवटी आंब्यात पाहावा. भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेरी व नीलम यांच्या संकरातून १९७० च्या दशकात आम्रपाली ही जात दिली. तिचे झाड बुटके, नियमित फळणारे, लहान सांदवाडीला सोयीचे. कोकणात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून नीलम व हापूस यांच्या संकराची रत्ना ही जात १९८१ मध्ये प्रसृत झाली. या झाडाची कोय पेरली तर आम्रपाली किंवा रत्ना उगवत नाही. बीजात एकरूप झालेले गुण पुढच्या पिढीत पुन्हा विखुरतात. म्हणून संकरित आंबा टिकवायचा, एका झाडाचे हजार करायचे, तर प्रत्येक वेळी गावरान कोयीच्या खुंटावर त्याची काडी बांधावी लागते. प्लुऑटचेही तेच. कॅलिफोर्नियातील परसात लावलेले प्रत्येक प्लुऑट दुसऱ्याच जातीच्या मुळांवर बांधलेले असते. दुधापाण्याचा हा मिलाफ तीळतांदळाच्या न्यायानेच जिवंत राहतो. रोपवाटिकेतून आणलेल्या आम्रपालीला गिऱ्हाईक ‘कलमी आंबा’ म्हणते तेव्हा ते बरोबरच म्हणते. ती संकरितही आहे हे त्यास बहुधा कोणी सांगत नाही, आणि सांगणाऱ्यालाही त्या शब्दाचा थोडा संकोच वाटतो.

भंडाऱ्याच्या सांदवाडीत आलूची हौस भागवावयाची तर ती बोरीवर भागते. कुंपणाशी उगवलेली गावठी बोर उन्हाळ्यात जमिनीपासून हातभर ठेवून छाटतात. पाऊस पडला की बुंध्याला जोमदार फुटवे येतात. त्यांतील एकदोन राखून बाकीचे काढतात, आणि त्यावर उमराणसारख्या मोठ्या फळाच्या जातीचा डोळा भरतात. मुळे गावठी असल्याने झाडाला पाणी घालावे लागत नाही, आणि दुसऱ्यातिसऱ्या हिवाळ्यात सुपारीऐवजी अंड्याएवढे फळ लागते. इंग्रजी अहवालाच्या भाषेत हेही ‘प्लम’च. खालच्या बुंध्यातून फुटणाऱ्या काटेरी फांद्या दरवर्षी कापाव्या लागतात. त्या कापायच्या राहिल्या तर चारपाच वर्षांत वरचा डोळा मागे पडतो आणि कुंपणाशी पुन्हा गावठी बोर उभी राहते.